सेकंडहँड ४०० अँपिअरचं रेक्टिफायर वेल्डिंग मशीन: तीन वर्षं वापरल्यानंतरचा रिव्ह्यू

वापरलेलं वेल्डिंग मशीन घ्यावं का नाही असं मला बरेच जण विचारतात, म्हणून एकदाच सगळं सविस्तर लिहून टाकतो. मी घेतलेलं मशीन म्हणजे थ्री फेजचं थायरिस्टर रेक्टिफायर (मेनचा एसी ट्रान्सफॉर्मर आणि थायरिस्टर नावाच्या इलेक्ट्रॉनिक स्विचनी वेल्डिंगचा डीसी करणारं), ४०० अँपिअर, आतून तांब्याचं वाइंडिंग, वजन इतकं की चार माणसं आणि पाइपचे रोलर लागले. तीन वर्षं झाली, रोज चालतंय, आणि मी याला पाचपैकी साडेचार देतो. अर्धा का कापला ते पुढे येईलच.

पण हे माझं पहिलं सेकंडहँड मशीन नव्हे. त्याच्या आधी एक छोटं सिंगल फेज इन्व्हर्टर (इलेक्ट्रॉनिक कार्डावर चालणारं हलकं वेल्डिंग मशीन) घेतलं होतं आणि त्यात मी चांगलाच फसलो, आणि खरं तर तेव्हा जे शिकलो त्याच्यामुळेच हे मोठं मशीन नीट निवडता आलं. म्हणून आधी त्याचं सांगतो.

इन्व्हर्टर दिसायला अगदी नवं होतं, बॉडीला ओरखडा नाही, वर मोठ्या अक्षरात २०० लिहिलेलं. विकणाऱ्यानं माझ्यासमोर अडीच मिमी चा रॉड लावला, पट्टीवर तीन-चार इंचाचा टाका मारून दाखवला, आर्क मस्त, मी खूश होऊन उचललं. घरी आणून ३.१५ चा रॉड लावला, चार रॉड झाले की पिवळा दिवा लागून बंद. थांबायचं, गार होऊ द्यायचं, परत चार रॉड. आठ-दहा दिवस असंच रेटलं आणि एका सकाळी स्विच टाकल्या टाकल्या आतून आवाज आला आणि एमसीबी उडाला. दुरुस्तीवाल्यानं उघडून मला शेजारी बसवून दाखवलं. ग्राइंडिंगची काळी बारीक पूड कार्डावर थर धरून बसलेली, ती लोखंडाची असते म्हणजे वीज वाहून नेते, एक कपॅसिटर डोक्यावर फुगलेला, हीटसिंकची पेस्ट वाळून खडू झालेली, आणि आयजीबीटी (करंट चालू-बंद करणारे मुख्य ट्रान्झिस्टर) वेगवेगळ्या बनावटीचे, म्हणजे हे आधीच एकदा जळून दुरुस्त झालेलं होतं. कार्ड नवीन मिळतं का विचारलं तर ते मॉडेलच बंद झालेलं. बॉडी चकचकीत होती कारण बॉडी पुसता येते.

त्या दिवशी डोक्यात एक गोष्ट पक्की बसली. गार मशीन काहीच सांगत नाही. एक मिनिटाचा टाका कुठलंही मशीन मारून दाखवतं, खरं काय ते तापल्यावरच कळतं.

वेल्डिंग मशीनची ताकद मुळात अँपिअरच्या आकड्यात नसतेच, ती असते ड्यूटी सायकलमध्ये. नेमप्लेटवर एक्स म्हणून टक्केवारी असते, ती दहा मिनिटांवर मोजतात. ४०० अँपिअर ६० टक्के म्हणजे चारशेवर दहातली सहा मिनिटं चालवा आणि चार मिनिटं थांबा. त्याच मशीनला १०० टक्क्याला साधारण ३१० अँपिअर लिहिलेलं असतं, म्हणजे तीनशे दहावर दिवसभर चालवलं तरी चालतं. उष्णता अँपिअरच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणून ४०० ला ०.६ च्या वर्गमुळानं गुणलं की ३१० येतात, प्लेट खरी का खोटी हे पडताळायला एवढा हिशोब पुरतो. माझ्या त्या इन्व्हर्टरच्या प्लेटवर टक्केवारी नव्हतीच, फक्त मोठं २००. आता मी ज्या मशीनला नीट नेमप्लेट नाही त्याच्याकडे बघतही नाही. प्लेटवर ओपन सर्किट व्होल्टेज (आर्क नसताना आउटपुटला मिळणारं), इनपुटचा जास्तीत जास्त करंट, ड्यूटी सायकल, इन्सुलेशनचा क्लास, आयपीचा आकडा (धूळ-पाण्यापासून किती संरक्षण तो) एवढं तरी वाचता आलंच पाहिजे. क्लास एच असेल तर वाइंडिंगचं इन्सुलेशन १८० डिग्रीपर्यंतचं, एफ असेल तर १५५ डिग्रीचं.

आता मोठ्या मशीनकडे येतो. एक काका त्यांचं वर्कशॉप बंद करत होते, वय झालेलं, मुलं दुसऱ्या कामाला लागलेली. मी गेलो तेव्हा मशीन जोडलेलं होतं, आणि माझ्या मते इथंच निम्मं काम होतं. वायर काढून कोपऱ्यात ठेवलेलं मशीन, "लाइट नाहीये पण चालू कंडिशन आहे हो" असं सांगणारा विकणारा, अशा ठिकाणी मी वेळ घालवत नाही. मी म्हटलं, काका, राग मानू नका पण मला हे अर्धा तास चालवून बघायचंय, रॉड आणि प्लेट माझीच आणलीये. ते म्हणाले, "अरे चालव की, तासभर चालव, मीही बसतो इथं, बरेच दिवस आर्कचा आवाज ऐकला नाही."

रॉड स्वतःचे न्यायचे याला कारण आहे. ६०१३ चा (साध्या कामाचा) रॉड कशावरही जळतो, अगदी मरतुकड्या मशीनवरही, त्यामुळे त्यानं काही कळत नाही. ७०१८ (मजबूत जोडाचा लो-हायड्रोजन रॉड) न्या, आणि ओव्हनमध्ये वाळवलेला न्या, कारण ओला ७०१८ चांगल्या मशीनलाही बदनाम करतो. ७०१८ ला आर्क धरायला आणि टिकवायला व्होल्टेज लागतं. मशीनचं ओपन सर्किट व्होल्टेज पडलेलं असेल तर तो चिकटतो, विझतो, आणि अर्धवट जळलेला रॉड परत पेटवताना फारच त्रास देतो. मी आधी मल्टिमीटर लावून मोजलं, प्लेटवर ७५ होतं, मीटरवर ७३ आलं. मग ४ मिमी चा ७०१८, १६० च्या आसपास लावून, एकामागून एक रॉड. पंचवीस मिनिटं.

चालू असतानाच माझ्या मित्रानं, तो इलेक्ट्रिशियन आहे, इनपुटच्या तिन्ही वायरना एकेक करून टाँग टेस्टर (वायरभोवती पकडून करंट मोजणारा मीटर) लावला. जुन्या थ्री फेज रेक्टिफायरची मला सगळ्यात भरवशाची वाटणारी टेस्ट हीच. तिन्ही फेजचे अँपिअर जवळपास सारखे आले तर आतले सगळे थायरिस्टर पेटताहेत. एक फेज बाकी दोघांपेक्षा बराच कमी किंवा जास्त आला तर एखादा थायरिस्टर गेलाय किंवा कार्डाकडून त्याला पल्सच जात नाही, आणि असं मशीन चालतं बरं का, नुसतं चालवून बघणाऱ्याला कळतही नाही, फक्त आर्क जरा खरखरीत लागतो आणि ट्रान्सफॉर्मर घुमतो. आमचे तिन्ही आकडे एकमेकांच्या दोन अँपिअरच्या आत होते. एक सांगून ठेवतो, साधा टाँग टेस्टर फक्त एसी मोजतो, वेल्डिंगच्या केबलमधला डीसी त्यानं मोजता येत नाही, त्याला डीसीवालाच लागतो. माझ्याकडे आता दोन्ही आहेत, आणि त्या इन्व्हर्टरच्या वेळी डीसीवाला असता तर २०० लिहिलेल्या मशीनमधून प्रत्यक्षात किती निघतंय ते तिथल्या तिथं कळलं असतं.

पंचवीस मिनिटांनी बंद न करता हात फिरवला. बॉडी गरम, पण हात ठेवता येत होता. आउटपुटचे सॉकेट बघितले, इथं लूज कॉन्टॅक्ट असेल तर नेमका तोच भाग चटका देतो. वास घेतला. तापलेल्या वार्निशचा हलका वास कुठल्याही ट्रान्सफॉर्मरला असतो, पण जळलेल्याचा वास वेगळा, आंबट आणि नाकात बसणारा, एकदा ओळखला की विसरत नाही. मग मुख्य स्विच पाडला, प्लग काढला, आणि साइडचं पॅनेल उघडलं.

आत काय बघितलं ते जरा सविस्तर सांगतो कारण इथंच लोक घाई करतात. वाइंडिंगचा रंग सगळीकडे एकसारखा हवा, एकच कॉइल बाकीच्यांपेक्षा काळी पडली असेल तर ती कधीतरी भाजली आहे. वाइंडिंग तांब्याचं का अॅल्युमिनियमचं हे टर्मिनलजवळ वार्निश जरा खरवडलं की कळतं. अॅल्युमिनियम म्हणजे लगेच टाकाऊ असं नाही, पण जोडावर त्याचा ऑक्साइड धरतो, जोड तापतो, सैल होतो, आणखी तापतो, त्यामुळे जुन्या अॅल्युमिनियमच्या मशीनचे सगळे लग (वायरच्या टोकाचे जोड) तपासावे लागतात. बोल्टच्या डोक्यावरचा रंग उडालाय का बघा, त्यावरून कुठपर्यंत उघडलं गेलंय ते समजतं. आणि थर्मोस्टॅट! हीटसिंकवर किंवा कॉइलमध्ये एक छोटा थर्मल स्विच असतो, मशीन फार तापलं की तोच बंद करतो. सारखं बंद पडतंय म्हणून कोणीतरी त्याच्या दोन वायर एकत्र पिळून टेप मारलेली असते. असं दिसलं तर ते मशीन किती तापवलं गेलंय याचा काही नेम नाही, मी तिथूनच परत फिरतो. काकांच्या मशीनमध्ये थर्मोस्टॅट जागच्या जागी होता, वायरला फॅक्टरीचेच लग होते.

इन्व्हर्टर उघडणार असाल तर मात्र सांभाळून. त्याच्यात मेनची वीज आधी डीसी करून मोठ्या कपॅसिटरमध्ये भरलेली असते, सिंगल फेजच्या २३० वर चालणाऱ्या मशीनमध्ये ती सव्वातीनशे व्होल्टच्या आसपास जाते, आणि प्लग काढल्यावरही ती काही वेळ तिथंच असते. मीटर लावून शून्याजवळ आलेलं बघितल्याशिवाय आत बोट घालायचं नाही, घाई असली तरी नाही.

मेगरची, म्हणजे इन्सुलेशन किती शाबूत आहे ते मोजायची टेस्ट मी घरी आणल्यावर केली, खरं तर तिथंच करायला हवी होती. ५०० व्होल्टचा मेगर, पण आधी डायोड-थायरिस्टर शॉर्ट करून आणि कार्ड सोडवून घ्यायचं, नाहीतर तपासणीतच ते उडवाल. चालू वापरातल्या वेल्डिंग मशीनसाठी आयईसी ६०९७४ च्या चौथ्या भागात जे आकडे आहेत ते मी धरतो: इनपुट आणि वेल्डिंगच्या बाजूमध्ये किमान ५ मेगओहम, आणि दोन्ही बाजू बॉडीशी किमान २.५. माझं वेल्डिंगच्या बाजूचं बॉडीशी फक्त १.४ आलं आणि पोटात गोळाच आला. पण मशीन दमट जागी बरेच दिवस उभं होतं, म्हणून कॉम्प्रेसरनं सगळी धूळ काढली, दोन दिवस आत बल्ब लावून ठेवले, परत मोजलं तर वीसच्या वर गेलं. म्हणजे धूळ आणि ओल होती, इन्सुलेशन शाबूत होतं. सुकवूनही आकडा वर आला नसता तर मात्र वाइंडिंगवाल्याकडेच जावं लागलं असतं.

आता वापराचं. आर्क एकदम मऊ आणि भरलेला लागतो, आत मोठा चोक (करंट एकसारखा ठेवणारी कॉइल) आहे त्याचा हा फायदा, ७०१८ चा टाका असा बसतो की स्लॅग स्वतःच उचलला जातो. चॅनेल, जाड प्लेट, ५ मिमी चा रॉड, काहीही लावा, ते दमत नाही, कारण मी त्याच्या ताकदीच्या निम्म्यावरच चालवतो. गाउजिंगचा (धातू वितळवून खाच पाडायचा) कार्बन रॉडही थोडाफार चालवलाय. बारीक कामाला मात्र हे मशीन नाही, २ मिमी पत्र्यावर अडीचचा रॉड खाली ६० वर आणला की आर्क बिचकतो, नवीन इन्व्हर्टरमध्ये हॉट स्टार्ट (आर्क पेटताना जादा करंट) आणि अँटी स्टिक (रॉड चिकटला की करंट कमी होणं) असतं तसं यात काही नाही. पातळ पत्र्याचं काम जास्त असेल तर हे घेऊच नका, खरंच सांगतो.

तीन वर्षांत काय बदललं: करंट कमी-जास्त करायचा पॉट, तो मधेच उडी मारायचा, १४० वरून एकदम १८०. हे मला घेतानाच कळायला हवं होतं, नॉब हळूहळू फिरवत मीटर बघितला असता तर. एक आउटपुट सॉकेट. आणि गेल्या वर्षी एक थायरिस्टर गेला, टाँग टेस्टरवर एक फेज खाली दिसला म्हणून लगेच सापडला, बाजारात मिळणारा साधा थायरिस्टर, अर्ध्या दिवसात मशीन परत चालू. जुन्या मशीनची मला सगळ्यात आवडणारी गोष्ट हीच, आतला प्रत्येक भाग दिसतो, मोजता येतो, बदलता येतो.

आणि एक माझीच चूक. मशीन गाडीत चढवताना काका म्हणाले होते, "जोडलंस की आधी पंख्याची हवा बघ." मी मान हलवली आणि विसरलो. पहिल्या आठवड्यात मशीन दोनदा थर्मलवर बंद पडलं, मला परत त्या इन्व्हर्टरचीच आठवण आली आणि रात्रभर झोप नाही. सकाळी मित्र आला, मागच्या जाळीला कागद धरला तर तो चिकटायच्या ऐवजी बाहेर उडतोय. पंख्याची मोटर थ्री फेज होती, माझ्याकडे जोडताना दोन फेज अदलाबदल झालेले, पंखा उलटा फिरत होता. दोन वायर बदलल्या, त्यानंतर आजपर्यंत थर्मल एकदाही उडालेला नाही.

अर्धा पॉइंट कापला तो विजेसाठी. नुसतं चालू ठेवलं तरी ट्रान्सफॉर्मर वीज खात बसतो, पॉवर फॅक्टर वाईट, आणि त्याच टाक्याला इन्व्हर्टरपेक्षा वीज जास्त लागते. जिथं दिवसभर चालू-बंद-चालू असं तुकड्यातुकड्यानं काम असतं तिथं हे जाणवणार. मी आता रॉड बदलताना नाही पण फिटिंग करताना स्विच पाडतो. शिवाय थ्री फेज कनेक्शन नसेल तर विषयच संपला, आणि एकदा ठेवलं की ते तिथंच, साइटवर न्यायचं म्हणजे क्रेनच.

केबलबद्दल. मशीनबरोबर केबल, होल्डर, अर्थ क्लॅम्प "फ्री" मिळाला म्हणून भुलू नका, काकांनी मला त्यांची केबल दिली पण मीच ती बाजूला ठेवली, ठिकठिकाणी रबर फाटलेलं होतं. नवीन घेताना ब्लेडनं एक तार खरवडून बघा, वरून लाल आणि आतून पांढरी निघाली तर ती तांब्याचा मुलामा दिलेली अॅल्युमिनियम आहे. जाडीतही कंजुषी नको. ३५ चौ. मिमी तांब्याची केबल, २० मीटर जायची आणि २० मीटर अर्थची, तिचा रेझिस्टन्स साधारण ०.०२ ओहम, २०० अँपिअरला ४ व्होल्ट केबलमध्येच गेले. बारीक केबल लावून लोक मशीनला दोष देत बसतात.

मिग (वायर आपोआप पुढे येते ते वेल्डिंग मशीन) घेणाऱ्यांना थोडक्यात: पॉवर सोर्सपेक्षा वायर फीडर जास्त बघा. रोलरची खाच झिजलीये का, लायनरमध्ये (वायर जाते त्या नळीत) काळा गाळ आहे का, वायर हातात धरल्यावर रोलर घसरतो का, गॅसचा व्हॉल्व्ह ट्रिगर सोडल्यावर खरंच बंद होतो का. टॉर्च हा खर्च होणारा भाग आहे, तो नवीनच लागेल असं धरूनच भाव करा.

आणि गॅस कटिंगचं सामान मी वापरलेलं अजिबात घेत नाही. रेग्युलेटर, होस, फ्लॅशबॅक अरेस्टर (ज्वाळा उलटी मागे जाऊ न देणारा), तिन्ही नवीन. ऑक्सिजनच्या रेग्युलेटरला आधी कोणी तेल-ग्रीस लावलंय का हे बाहेरून दिसत नाही, आणि दाबाखालचा ऑक्सिजन तेलाला भेटला की पेट घेतो. जुन्या रेग्युलेटरची सीट गेली असेल तर नॉब न फिरवता दाब आपोआप चढत राहतो, आणि अॅसिटिलीन १५ पीएसआयच्या वर गेलं की ते स्वतःहूनही फुटू शकतं. इथं वाचवलेले पैसे मला नकोत.

परवा वार्षिक साफसफाई केली, सगळे लग आवळले, परत मेगर लावला. इनपुट ते वेल्डिंग ४० च्या वर, बॉडीशी दोन्हीकडे २५ च्या वर, ओपन सर्किट अजून ७३ च. काकांना फोन करून हे आकडे सांगितले, त्यांना फार बरं वाटलं. सगळं ऐकून घेतलं आणि शेवटी म्हणाले, "पंख्याची हवा बघितलीस ना?"